उजवा की डावा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, पण आधी थोडी फुशारकी मारणार आहे. त्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही.

नव्वदच्या दशकात मी दुबईत, रास अल खोरच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये क्लार्क होतो. कामावर कुणाला इजा झाली की भरपाईची फाइल माझ्याकडे यायची. मूळ पगार धरायचा, ओव्हरटाइम सोडायचा. त्या पगारावर, माणूस दगावला असता तर किती पैसे मिळाले असते ते काढायचं, आणि कोणता अवयव गेला त्याप्रमाणे त्याचे टक्के. भल्याभल्यांना घाम फुटायचा, मी तोंडी करायचो. माझी एकही फाइल लेबर ऑफिसातून कधी परत आली नाही. याचा मला गर्व होता — होता कशाला, आजही आहे.

दत्ताराम आमच्याकडे सुतार होता, गुहागरकडचा. मशीनच्या करवतीत त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. फॉर्मवर एक रकाना होता — कामाचा हात कोणता? त्या हाताला टक्के जास्त. मी त्याला विचारलं का? नाही. मेसमध्ये रोज माझ्यासमोर उजव्या हाताने जेवायचा, पगाराची सही उजव्याने करायचा. आपल्याच माणसाला काय विचारायचं? ‘उजवा’ लिहून मोकळा झालो.

फाइल गेल्यावर आठवड्याने तो आला, पट्टीतला हात छातीशी धरून.

“भाऊ, मी डावखुरा आहे. घरी मार खाऊन जेवण न् लिहिणं तेवढं उजव्यावर आलं. पण रंधा, पटाशी सगळं डाव्यानंच. फॉर्मवर तसं टाकलंय ना?”

दुरुस्ती होण्यासारखी होती. फोरमनची चिठ्ठी जोडायची, फाइल मागे घ्यायची, पुन्हा भरायची. पण मागे घ्यायची म्हणजे — माझी फाइल परत आली असती. मॅनेजर हसला असता. बस, एवढंच. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

“उजव्या-डाव्यानं काही फरक पडत नाही रे,” मी म्हणालो. “फाइल सबमिट झाली, खलास.”

त्याने विश्वास ठेवला. हक्काच्यापेक्षा कमी पैसे घेतले, माझे आभार मानले आणि गावी गेला. सुतारकाम सुटलं ते सुटलंच.

दोन वर्षांनी मी सुट्टीवर गेलो, तेव्हा त्याने घरी पूजेला बोलावलं. त्या पैशांतून छपरावर नवी कौलं चढली होती. गल्फला निघालेले वाडीतले चारपाच जण मुद्दाम बसवून ठेवले होते. भाऊंकडून समजून घ्या, म्हणाला, भरपाई कशी काढतात ते. मी काय, तयारच होतो. मूळ पगार म्हणजे काय, टक्के कसे लागतात, सगळं फोड करून सांगितलं. दत्ताराम पडवीच्या कडेला बसून माझ्यासाठी शहाळं सोलत होता. कोयता उजव्या हातात. दोनदा घाव चुकला, तिसऱ्यांदा जमला. त्याने शहाळं आणून दिलं. मी प्यायलो.

मग एकाने विचारलं, डावा हात गेला तर कमी मिळतात का? दत्ताराम तिथेच उभा होता. मी म्हणालो, नाही, दोन्ही हात सारखेच. आणि पुढे बोलत राहिलो — बोलणं छान रंगलं होतं.