जावेची मान, माझं मीठ

नर्सनं मला पलंगावर आडवं करून रक्तदाब मोजला. मग उठून उभं राहायला सांगितलं आणि पुन्हा मोजला. आकडा बघून तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी स्वतः मोजलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"आजी, मूळ दुखणं मानेचं नाही. याला ऑटोनॉमिक डिसफंक्शन म्हणतात."

मी चौथी शिकलेली. मला नाव कळलं नाही, पण त्यांनी नीट समजावलं. काही कामं शरीर आपल्याला न विचारता करतं. छातीची धडधड, घाम, पचन, रक्तदाब. त्यांचा कारभार बघणाऱ्या नसा वेगळ्या असतात. माणूस उभं राहिलं की रक्त पायाकडं उतरतं, आणि ते वर ढकलायचं काम या नसांचं. माझ्या नसा जुन्या मधुमेहानं कामातून गेल्या होत्या. उभं राहिलं की रक्तदाब खाली यायचा. त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात.

हे ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की शकूला हे नाही. तिचं नुसतं मानेचं होतं आणि ते बरं झालं. माझं बरं होणारं नाही, सांभाळायचं आहे.

शकुंतला माझी धाकटी जाऊ. आमची दोन्ही घरं शेजारी, मधे एक भिंत. तुळजापूरपासून आमचं गाव जवळच आहे. वाटण्या होऊन जमाना झाला, पण मला तिच्या अंगणात काय चाललंय ते दिसतं आणि तिला माझ्या.

माझं दुखणं चुलीपुढं सुरू झालं. भाकरी थापून उठले की डोळ्यांपुढं अंधार यायचा. मान आणि दोन्ही खांदे असे दुखायचे, जसं कोणी वरून धरून लटकवलंय. आडवी झाले की दुखणं जायचं. एकदा अंगणात पडले आणि शकूनंच मला उचललं. ते मला त्या पडण्यापेक्षा जास्त लागलं.

आता माझी चूक सांगते, कारण ती दुसऱ्या कोणी करू नये. शकूचा रक्तदाब जास्त. तिच्या डॉक्टरनं तिचं मीठ तोडलं होतं. ती अळणी वरण खायची आणि गल्लीत सांगत फिरायची, की जिभेवर ताबा पाहिजे. माझ्यानं ते ऐकवलं नाही. मीही मीठ सोडलं, कोणालाच न विचारता. तिच्यापेक्षा कडक. ताकातसुद्धा नाही. माझा रक्तदाब आधीच खाली घसरत होता, आणि मी त्याला आणखी ढकलत होते.

मधेच शकूची मान आखडली. तिची लेक सोलापुरात असते. तिनं आईला कायरोप्रॅक्टरकडं नेलं. कायरोप्रॅक्टर म्हणजे हातानं मणके, सांधे आणि स्नायूंवर इलाज करणारा. थोड्या दिवसांत शकू मान दोन्हीकडं फिरवत परत आली. दारात येणाऱ्या प्रत्येकाला फिरवून दाखवायची. म्हणायची, "डॉक्टरनं कडाकडा वाजवली न् दुखणं गेलं." मला तर रोज दाखवायची.

मी माझ्या लेकाला, सुधाकरला, म्हणाले, मला तिथंच ने.

सोलापूरच्या त्या दवाखान्यात बसायला बाकडी होती, आणि बाकड्यावरचे सगळे मान धरून बसले होते. माझा नंबर आला. डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं मान चाचपली, एक्स-रे बघितला आणि विचारलं, दुखतं कधी? मी म्हणाले, उभी असते तेव्हा. आडवं झाल्यावर? जातं. चक्कर येते? येते. त्यानं हात काढून घेतले.

म्हणाला, "याला कोट हँगर पेन म्हणतात." शर्ट टांगायचा हँगर असतो, त्याच्या आकारात मान आणि खांदे दुखतात. उभं असताना तिथल्या स्नायूंना रक्त पुरत नाही म्हणून. आधी मोठ्या दवाखान्यात दाखवा, मग माझ्याकडं या.

मला राग आला. मी विचारलं, माझ्या जावेची मान वाजवली, मग माझी का नाही? तो म्हणाला, "या वयात, हाडं ठिसूळ असताना, मानेला झटका मी देत नाही. धोका असतो."

मला वाटलं, शकूला दिला असेल. ती माझ्यापेक्षा थोडीच लहान आहे.

मग मोठा दवाखाना. रक्त दिलं, कागद घेतला, कागद दिला, बसले. ईसीजी काढला, बसले. ईसीजी म्हणजे हृदयाचा आलेख, त्यात काही दुखत नाही. बसण्यातच जास्त दुखतं. शेवटी सुरुवातीला सांगितलं ते निदान झालं.

डॉक्टरांनी विचारलं, जेवणात मीठ किती? मी छाती काढून सांगितलं, अजिबात नाही. ते सुधाकरकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आजपासून खायचं. मी सांगतो तेवढं." पाणी वाढवायचं. पायात घट्ट मोजे घालायचे. उठताना आधी कुशीवर, मग बसायचं, पाय हलवायचे आणि मगच उभं राहायचं. एक गोळी दिली. डोक्यावर ओझं कायमचं बंद.

हे सगळं माझ्यासाठी आहे. तुमचा रक्तदाब जास्त असेल तर तुम्ही मीठ वाढवू नका. माझ्याकडं बघून करू नका. मी जावेकडं बघून केलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी मानेच्या डॉक्टरकडं जायला लागले. तो आडवं झोपवून मान हलक्या हातानं मोकळी करायचा, खांदे दाबायचा. हनुवटी मागं घ्यायचा व्यायाम शिकवला. तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, यानं तुमच्या नसा सुधारणार नाहीत, फक्त दुखणं हलकं होईल. ते झालं. झोप लागायला लागली. जे खरं आहे ते एवढंच आहे.

वेळा अमावास्या जवळ आली. आमच्याकडं त्या दिवशी सगळं घर शेतात जातं. कडब्याची खोप घालतात, पूजा करतात, भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भाजी, आणि आंबील खातात. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. ती मातीच्या बिंदगीत घेऊन डोक्यावर न्यायची, आणि आमच्यात ते थोरल्या सुनेनं करायचं. दोन्ही घरांची खोप अजून एकच असते. सासू गेल्यापासून बिंदगी माझ्या डोक्यावर होती. शकू मागून भज्जीची टोपली घेऊन यायची.

आता बिंदगी शकूकडं जाणार होती. तिनं मला विचारलंसुद्धा नाही. नवी इरकल साडी काढून ठेवली.

त्याच्या आधी आम्ही दोघी एकाच गाडीनं सोलापूरला गेलो. मानेच्या डॉक्टरकडं शकू पडद्याआड गेली, मी बाहेर बसले. मी कान देऊन कडाकडा ऐकायची वाट बघत होते. काही वाजलं नाही. फटीतून दिसलं, डॉक्टर तिलाही नुसतं हलक्या हातानं दाबत होता. मग त्याचा आवाज आला, "मावशी, मागच्या वेळीही सांगितलं होतं. डोक्यावर काही घ्यायचं नाही. मणक्यात झीज आहे, हाताला मुंग्या येतील."

शकू बाहेर आली आणि गाडीपाशी थांबलेल्या सुधाकरला म्हणाली, "डॉक्टर म्हणले, मान एकदम पक्की हाय."

मला वाटलं, घेऊ दे बिंदगी डोक्यावर. मान मोडली तर मोडली.

अमावास्येला सकाळी ती इरकल नेसून अंगणात उभी राहिली. डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली. सुधाकर बिंदगी उचलायला वाकला. शेजारची एक बाई म्हणाली, "शकूला काय शोभतंय बया." शकूनं माझ्याकडं बघितलं आणि मान जरा फिरवली.

ते माझ्यानं बघवलं नाही.

"सुधाकर, ठेव ती खाली. तिलाबी डोक्यावर घेऊ नको म्हणलंय डॉक्टरनं. पडद्याआडनं म्या ऐकलंय. मणका झिजलाय तिचा."

शकूनं चुंबळ काढली आणि हातात धरून उभी राहिली. मग सुधाकरनं बिंदगी स्कुटीवर दोन पायांत धरली आणि हळूहळू शेताकडं निघाला. आम्ही दोघी मागून मोकळ्या डोक्यानं चालत गेलो. वाटेत मी दोनदा बसले. ती दोन्ही वेळा उभी राहिली.

दुसऱ्यांदा बसले तेव्हा ती म्हणाली, "अक्का, बरं झालं तुमी बोलला. म्या इरेला पेटले हुते. माझी एवढी काळजी कुणी केली न्हाय."

मी तिला खरं सांगितलं नाही. अजूनही नाही.

खोपीत तिनं मला आंबील वाढली. मी वरून मीठ घातलं, ढवळलं, प्यायले. तिची आंबील वेगळ्या तांब्यात होती, अळणी. ती माझ्या तांब्याकडं बघत होती.

"तुमची मजा हाय," ती म्हणाली. "दुखण्यात मीठ खायला मिळतंय."

मी आणखी एक तांब्या मागितला आणि सावकाश प्यायले. जरा आडवी झाले. मग उठताना कुशीवर झाले, बसले, पाय हलवले आणि उभी राहिले. अंधार आला नाही. शकू खाली बसून माझ्याकडं बघत होती, आणि मी मान दोन्हीकडं फिरवून तिला दाखवली.