वा म्हणजे ये

लॉकडाउनमध्ये ग्लेन वेव्हर्लीतल्या घरात कोंडून पडले होते, तेव्हा मी एक उद्योग अंगावर घेतला. श्रीलंकेतल्या एका चहाच्या मळ्यावर तमिळ मुलांची बालवाडी होती. तिथल्या शिक्षिकेला झूमवर शिकवायचं. मी इथे चाइल्डकेअरमध्ये कामाला, पण तमिळच्या नावाने ठणठणगोपाळ. तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर आमचं भागायचं. मला ती अक्का म्हणायची.

आया पानं खुडायला गेल्या की मुलं हिच्याकडे असत. सर्टिफिकेट मिळालं तरच मळेवाले तिला ठेवणार होते. नाहीतर बालवाडीला कुलूप, आणि मुलं परत आयांच्या मागे त्या उतारावर, उन्हापावसात. शेवटची परीक्षा म्हणजे फोनसमोर अर्धा तास मुलांना खेळू द्यायचं, आणि असेसर, म्हणजे परीक्षक बाई, झूमवरून बघणार. मुलं आपापल्या खेळात रमली पाहिजेत, एवढंच. संधी दोनच.

पहिल्या खेपेला पार बोंबललं. एकाने करवंट्या एकावर एक रचल्या. मी म्हटलं, "वा!" तो उठून थेट फोनपाशी. एक मुलगी माती मळत होती. "वा, वा!" तीही आली. दहा मिनिटांत पाचही नाकं स्क्रीनला चिकटलेली. ती बिचारी एकेकाला उचलून परत नेतेय, आणि मी तिला धीर द्यायला आणखी मोठ्याने वा वा करतेय! असेसर बाईंनी लिहिलं, मुलं खेळात रमत नाहीत. नापास. मी असेसरवर चिडले, नेटवर चिडले, त्या पोरांवरसुद्धा चिडले.

कामावरच्या तमिळ मैत्रिणीला रेकॉर्डिंग पाठवलं. तिचा फोन आला तो हसतच.

"अरे यार, तू बच्चों को बुला क्यों रही है? आमच्यात वा म्हणजे ये!"

मी कपाळावर हात मारला. लगेच शिक्षिकेला फोन लावला. म्हटलं, "तुला कळत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"अक्का, तुम्ही शिकवणाऱ्या. तुम्हाला कसं सांगणार?"

आणि मी बया इतके महिने तिला काय घोकवत होते? मुलाने बाईंची चूक दाखवली तर रागवू नका, शाबासकी द्या. ती प्रत्येक वेळी मान डोलवायची आणि मला वाटायचं, वा, काय हुशार आहे पोरगी! तिने मला एकदाही "नाही" म्हटलं नव्हतं, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी तिची माफी मागितली, तर तीच घाबरली.

दुसऱ्या खेपेला मी आवाज बंद करून बसले, वर तोंडावर हात. मुलं खेळली. भांडली, सांडलं, पुन्हा खेळली. फोनकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. अर्ध्या तासाने असेसर बाई म्हणाल्या, पास.

हुश्श! मला रडूच फुटलं. कुलूप टळलं होतं. मी तिला म्हटलं की तू जिंकलीस, तुझ्या मुलांचं नशीब मोठं, मला तुझा अभिमान वाटतो. किती काय काय बोलत सुटले. ती नुसती बघत होती. ओठ हलवायची, मिटायची. एकदा मागे वळून मुलांकडे बघितलं, मग फोनच्या अगदी जवळ आली.

"अक्का," ती म्हणाली, "तुमचं चुकतंय. आवाज चालू करा."