आप्पांना नेम धरायला जागा हवी होती

आप्पांच्या खांद्याला बंदूक असायची आणि चेहऱ्यावर ती दुसऱ्या कुणाची असल्यासारखा संकोच. सकाळी ड्यूटीला निघाले की गुजरातमधल्या पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीतून ते नळी जमिनीकडे करून भिंतीच्या कडेकडेनं चालत. समोरून कडेवर मूल घेतलेली बाई आली की थांबत, तिला जाऊ देत, मगच पुढचं पाऊल. बंदूकवाला माणूस छाती काढून चालतो असं आम्हाला वाटायचं. आप्पा काचसामान घेऊन निघाल्यासारखे चालायचे.

आप्पा मूळचे आमच्याच खानदेशातले. अर्धं आयुष्य लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर काढलेलं, त्यामुळे कान अधू आणि आवाज मोठा. घरात, गल्लीत, पोलीस ठाण्यातसुद्धा अहिराणीच. लूमचा कारखाना बंद पडला तेव्हा त्या वयात दुसरीकडे कोणी उभं करेना. कोणीतरी सुचवलं, स्वतःची बंदूक असलेल्या वॉचमनला दागिन्यांच्या दुकानात बरा पगार मिळतो. मग परवान्यासाठी हेलपाटे, चौकशा, सह्या. शेवटी गावी परत निघालेल्या एका गनमॅनची जुनी दुनाळी त्यांनी रीतसर बंदुकांच्या दुकानामार्फत घेतली. घरात आली तेव्हा आप्पांच्या बायकोनं, काकूंनी तिला ओवाळलं होतं, आणि मग आप्पा एका दागिन्यांच्या दुकानाच्या दारात उभे राहायला लागले.

परवान्याआधी ट्रेनिंग झालं होतं. बंदूक कशी उघडायची, कशी बंद करायची, खांद्याला कुठं टेकवायची, सगळं शिकवलं. गोळी तेवढी उडवायला दिली नाही. आप्पांना ते लागून राहिलं. "लूमवर नवा माणूस उना तं आपुन पहिले चिंधीवर हात बसाडतस," ते म्हणायचे. "आठे बठ्ठं उलटं. बंदूक दी टाकी आनि सांगनं, उभा ऱ्हाय."

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आई-वडिलांना सही येते, त्यापुढे नाही. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून गल्लीतला प्रत्येक सरकारी कागद माझ्याकडे यायला लागला. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. आप्पा मला 'बीकॉमबाई' म्हणायचे. एका रविवारी ते परवाना घेऊन आमच्या ओट्यावर बसले.

"बीकॉमबाई, यामा वाची सांग. माले गोळी कोठे चलाडता ई?"

मी वाचलं. कुठे चालवायची नाही तेच सगळीकडे दिसत होतं.

"कसाले चालवायची आहे पण, आप्पा?"

"उद्या दुकानमा कोनी चोर उना, तं मनी गोळी कोठे जाई, हाई मालेच माहीत नही. डोरलं लेवाले येयेल बाईले लागनी तं?"

त्यानंतर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्यांच्या आधी मीच पूर्ण करायची.

जागा शोधणं आम्ही दोघांनी सुरू केलं. त्यांचा साडू कडोदऱ्याच्या पलीकडे एकाची वाडी राखायचा. तो म्हणाला, "माझ्याकडे या, आंब्याला डबा बांधू, हाणा दोन." आप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, परवाना स्वसंरक्षणाचा आहे, डबे फोडण्याचा नाही. शेजाऱ्यानं फोन केला की बंदूकही जाईल आणि तुम्हीही. भाच्यानं गावाकडचं पडीक रान सुचवलं. परवाना फक्त गुजरातपुरता होता, नवापूरची हद्द ओलांडली की बंदूक जवळ असणं हाच गुन्हा. मग पोलिसांच्या फायरिंग रेंजवर गेलो. दारावरचा शिपाई भला होता. "बेन, अहीं फक्त पोलीसवाळा," म्हणाला, आणि पाणी दिलं. नेमबाजीच्या एका क्लबात गेलो. तिथं बारीक गोळीच्या रायफली आणि हवेच्या दाबावरच्या बंदुका चालत, दुनाळी नाही. दुनाळी चालणारी रेंज शहरापासून खूप लांब. तिथली सभासद फी फोनवर ऐकून मी आप्पांना सांगितली.

"इतलामा तं आखो एक बंदूक ई जाई," ते म्हणाले, आणि हसता हसता खोकत बसले.

काडतुसाचाही खर्च होताच. एक उडवलं की घरातलं दोन दिवसांचं दूध गेलं असं काकू धरायच्या.

याच काळात गल्लीत एक लग्न निघालं. हळदीच्या संध्याकाळी डीजे लागलेला, पोरं घामाघूम. नवरदेवाच्या मामानं आप्पांचा हात धरला. "आप्पा, घर जवळच शे. बंदूक लई या. एक बार हवामा उडाडा ना! कसाना गनमॅन तुम्ही?"

"नवरदेवना मांडोमा तुले पाव्हना पाहिजेत का पोलीस?" आप्पांनी विचारलं. सगळे हसले. मामानं "घाबरट" म्हणून टोमणा मारला. आप्पा बुंदी संपवून उठले. गोळी कुठे जाते हे बघायची त्या मांडवात सगळ्यांत जास्त तहान त्यांनाच होती, हे मला एकटीला माहीत होतं.

शेवटी ठाण्यातल्या एका जमादारानं वाट दाखवली. सिक्युरिटी एजन्सीच्या गनमॅनना वर्षातून एकदा परवानगी काढून पोलीस रेंजवर सरावाला नेतात. आप्पा एजन्सीचे नव्हते, थेट दागिन्यांच्या दुकानाच्या शेठचे. पण शेठनं अर्जावर सही केली तर त्या गटात बसवता येईल. फीही अगदी थोडी. मी अर्ज लिहिला आणि आम्ही दुकानात गेलो. शेठ माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कळेना.

"आपाकाका, बंदूक बताववा माटे छे. फोडवा माटे थोडी छे?"

दाखवायची वस्तू उडवून बघायची कशाला, असं त्याचं म्हणणं. आप्पा हात जोडून उभे राहिले. सही मिळाली.

सरावाचा दिवस दसऱ्यानंतर लवकरच आला. आप्पांनी धुतलेला युनिफॉर्म घातला, मी रजा टाकली. रेंजवरच्या उस्तादानं एकेकाची बंदूक उघडून नळीतून उजेड बघितला. आप्पांची बघताना थांबला. काडी घालून पुढच्या तोंडाकडून खरवडलं, तसे तळहातावर तांदळाचे लाल दाणे पडले. मागून झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा.

आमच्याकडे दसऱ्याला हत्याराची पूजा चुकत नाही. काकूंनी कुंकवातल्या अक्षता वाहिल्या होत्या, नळीच्या तोंडात फूल खोवलं होतं. आणि आप्पांनी, लूमला द्यायचे तसंच, बंदुकीला आतून-बाहेरून लूमचं तेल सढळ हातानं पाजलेलं. त्यात अक्षता घट्ट बसल्या होत्या. फूल उपसून आप्पा दुसऱ्या दिवसापासून तीच बंदूक भरून दुकानाच्या दारात उभे होते.

"काका, ये बंदूक है या आरती की थाली?" उस्ताद म्हणाला. बाकीचे गनमॅन हसले. मग तो हसायचा थांबला. "चलाते तो नली फट जाती. हाथ जाता आपका."

त्या दिवशी त्यांना चालवू दिली नाही. रांग मोठी होती, बंदूक साफ करून पुढच्या वेळी या, एवढंच. पुढची वेळ म्हणजे पुढचं वर्ष.

घरी काकू रडल्या. आप्पा म्हणाले, "तुनी काय चूक? आपुन लूमना धोटालेबी कुंकू लावतस." पण बराच वेळ ते नळीखाली धरायच्या आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

पुढच्या वर्षी बंदूक लख्ख होती. पूजेला काकूंनी फक्त दस्त्याला कुंकवाचं बोट लावलं. मी रेंजच्या बाकावर बसले. समोर मातीच्या बांधावर माणसाच्या आकाराचे कागद लावलेले. बार झाला, आप्पा मागे हेलपाटले. दुसरा बार. कागद आणले तेव्हा कळलं, पहिला बार पूर्ण शेजारच्या गनमॅनच्या कागदात गेला होता. दुसऱ्याचे काही छर्रे आपल्या कागदात, काही पुन्हा शेजारी.

"पहली बार में ऐसा ही होता है," उस्ताद समजुतीनं म्हणाला. "महीने में एक बार आते रहो, हाथ बैठ जाएगा."

"महिनामा एक बार कोठे?" आप्पांनी विचारलं.

उस्तादानं पुढच्या गनमॅनला हाक मारली. मी, बी.कॉम. असून, पुढच्या वर्षीच्या अर्जाची तारीख तेवढी विचारून घेतली.

परतताना रिक्षात आप्पा म्हणाले, "पाह्यं ना तू? तो कागद जितला लांब व्हता, तितलाच लांब दुकानसमोरना चहावाला शे. मधे रस्ता."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी शेठची नोकरी सोडली आणि बंदूक रीतसर विकायला देऊन परवाना परत केला. काकूंनी अबोला धरला. मुलगा म्हणाला, एवढे हेलपाटे घालून मिळवलेली चीज कोणी देतं का? गल्लीत तर ठरूनच गेलं, आप्पा घाबरले. इच्छापोरच्या एका कारखान्यात ते काठी-शिट्टीवाले वॉचमन झाले, पगार बराच कमी. कपडे सैल दिसायला लागले, खोकला वाढला. पण चालायचे मात्र रस्त्याच्या मधून.

खोकला थांबेना तेव्हा मुलानं त्यांना गावी न्यायचं ठरवलं. भुसावळकडच्या गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेले होते. खिडकीतून त्यांनी माझा हात धरला.

"बीकॉमबाई, कोनी इचारनं, आप्पानी बंदूक कसाले दी टाकी, तं सांगजो. चलाई पाही, म्हनीसन दी टाकी."

ते गावीच वारले, त्या हिवाळ्यात. मला फोनवर कळलं.

आता मी एका कापड पेढीत हिशेब बघते. बँकेत जाणं-येणं रोजचं. तिथल्या दारात एक गनमॅन उभा असतो, बिहारकडचा, तरुण. परवा गर्दी नव्हती म्हणून मी विचारलं, "भैया, कभी चलाके देखी है?"

तो लाजून हसला. बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"कहाँ चलाएँ, दीदी?"