काळ्या रंगाखालची भेग

मार्गासनीच्या अलीकडच्या उतारावर उलटलेली ती जीप पोलिसातली नोकरी संपली तरी माझ्या डोक्यातून गेली नाही. पालीची एक म्हातारी आणि तिची सून जागीच गेल्या. जीप हमरस्त्यावरून वेल्ह्याकडे प्रवासी नेत असे. चालक होता मालकाचाच सख्खा भाचा. बाप लहानपणीच वारलेला. तो, त्याची आई आणि त्याची बायकोमुलं मामाच्या घरी राहत.

तो किरकोळ जखमांवर बचावला. ठाण्यात त्याचा जबाब घ्यायला बसलो.

"स्पीड किती होता?"

"लई व्हता साहेब."

"लई म्हणजे किती?"

"तुमी लिवा की काय ते."

गुन्हा इतक्या सहज कबूल करणारा माणूस बहुधा दुसऱ्या कुणाला झाकत असतो. दुपारी मामा त्याचा डबा घेऊन आला. "पोरागत वाढवलाय साहेब," तो अंमलदाराला ऐकवत होता, "पण ॲक्सिलेटरवर पाय जड हाय त्याचा."

खबर नसरापूर भागातल्या एका रंगाच्या दुकानातून आली. दुकान चालवणाऱ्या बाई स्वतः ठाण्यात आल्या.

"रंगाआधी गाडी खालून घासली होती का, तेवढं बघा. आरटीओत पासिंगला न्यायची म्हणून भाचा सामान घ्यायला आला होता. तारेचा ब्रश, लाल प्रायमर, काळा स्प्रे, सगळं काढून ठेवलं होतं. म्या सांगितलं, गंज खरवडल्याबिगर रंग मारू नको, पापुद्र्यासकट सुटतो. तेवढ्यात मामाचा फोन आला. ब्रश अन् प्रायमर परत ठेवलं त्यानं. म्हटलं, का रं? तर म्हणतो, मामा इचारतोय, गाडी काय लग्नात उभी करायचीय का? काळं मार अन् चल."

भातखाचरांच्या चिखलातून फिरणाऱ्या गाड्यांचा खालचा भाग लवकर सडतो. पासिंगआधी त्यावर काळा रंग फवारणं इकडे नित्याचं आहे. प्रायमर लावायचा तर आधी गंज खरवडावा लागतो, आणि खरवडलं की खालचं लोखंड कसं आहे ते दिसतं.

जीप जॅकवर घेऊन पुन्हा पंचनामा केला. मागचे कमानपाटे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरणारा ब्रॅकेट तुटला होता. तो उतारावर सुटला की मागची चाकं तिरपी होतात आणि हळू चाललेली गाडीही उलटते. तुटलेल्या तोंडाचा थोडा भाग नवा, चकचकीत. उरलेल्या भागावर जुना गंज आणि त्या गंजावर काळा रंग. म्हणजे रंग भेगेच्या आत गेला होता. रंग मारताना भेग होतीच. प्रयोगशाळेनेही तेच कळवलं.

ब्रॅकेटचा फोटो समोर ठेवला, तेव्हा भाच्याने भेगेवर बोट ठेवलं.

"दावली व्हती मामाला. म्हनला, पासिंग होऊ दे, मंग वेल्डिंग करू. तवर हळू चालव."

"म्हणजे गाडी हळूच होती?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी त्याची आई भेटायला आली. शिपायासमोरच बोलली. "मामा आत गेला तर आपुन कुठं ऱ्हायचं? तुझी बायकापोरं कुठं ऱ्हातील?" त्यानंतर माझ्याशी भाचा एक शब्द बोलला नाही.

दोषारोपपत्र मी मामा आणि भाचा, दोघांविरुद्ध दाखल केलं. न्यायालयात भाच्याने सांगितलं, "रंग म्याच मारला. भेग मला दिसली व्हती. मामाला काय बी ठावं न्हवतं." आधी मामाबद्दल तो माझ्याशी जे बोलला होता, ते पोलिसांसमोरचं बोलणं म्हणून पुराव्यात येत नाही. दुकानदार बाईंना मामाच्या वकिलाने दोनच प्रश्न विचारले: रंग कुणी नेला, आणि फोनवर पलीकडून काय बोललं गेलं ते तुम्ही कानांनी ऐकलं का? बाई खोटं बोलल्या नाहीत. मामा सुटला. भेग माहीत असून प्रवासी बसवले, म्हणून भाच्याला निव्वळ बेदरकारपणे गाडी चालवण्याच्या गुन्ह्यापेक्षा कितीतरी जड शिक्षा झाली.

भौतिक पुरावा खोटं बोलत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवत. ते खरं आहे. त्या ब्रॅकेटने भेग केव्हाची ते अचूक सांगितलं. ती कुणी झाकायला लावली, हे सांगणारा माणूस एकच होता, आणि त्याचं बिऱ्हाड मामाच्या छपराखाली होतं. तपास करताना मी गाडीखाली वाकून पाहिलं. त्या घराकडे पुरेसं पाहिलं नाही.

निकालानंतर भाच्याची आई कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. मामा पुढे गाडीजवळ तिची वाट पाहत उभा होता.

"तुमी लई खोलात गेलासा साहेब," ती म्हणाली. "नुसता स्पीड लिवला असता तर माझा पोरगा लवकर घरी आला असता."

मग ती भावाच्या गाडीत जाऊन बसली.