चार बाद डबे

प्रयोगशाळेत सगळे त्याला मामाच म्हणायचे. बावीस वर्षं उंदरांची उस्तवार करणारा माणूस कुणाचा मामा कसा झाला, ते विचारू नका. झाला, बस्स!

काम ठरलेलं. बाई, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञ, उंदरांना परकं प्रथिन टोचायच्या. त्याच्याशी लढायला उंदराचं शरीर प्रतिपिंडं तयार करायचं, दोन्ही एकमेकांना चिकटायची आणि त्यांचे पुंजके मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांत अडकायचे. गाळण्या बिघडल्या की प्रथिन लघवीत गळायचं. ते पकडायचं मामानं. लघवीत पट्टी बुडवायची. पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर गळती.

पट्ट्यांचा नवा डबा उघडला की पहिली पट्टी मात्र स्वतःच्या लघवीत. ही त्याच्या गुरूची शिस्त. "निरोगी माणसाची पिवळीच राहते. हिरवी झाली तर डबा बाद," असं गुरूनं सांगितलं होतं आणि मामानं ते डोळे झाकून पाळलं. नडलं ते तिथंच!

त्या सकाळी ओळीनं चौथ्या नव्या डब्याची पट्टी हिरवी निघाली. आधीच्या चांगल्या निघालेल्या डब्यावरच काम रेटून मामा आधीच वैतागला होता. त्यानं दुकानदाराला फोनवर झाप झाप झापलं. "चारही डबे खराब? आम्हाला काय खुळे समजता?"

आवाज ऐकून बाई आल्या. त्याच डब्यातली पट्टी त्यांनी न टोचलेल्या उंदराच्या लघवीत बुडवली. पिवळी. दुसऱ्या उंदराची, पिवळी. तिसऱ्याचीही.

मामा हसला. "बघा लबाडी! माझ्याच वेळी तेवढी..." आणि त्याची नजर त्या तीन पिवळ्या पट्ट्यांवर खिळली.

अरे देवा! डबा चांगला होता.

उंदरांचं पुढं काय होतं, कितव्या आठवड्यात खाणं सुटतं, सगळं मामाला तोंडपाठ होतं. आज तेच आठवून त्याला दरदरून घाम फुटला.

"मामा, पहिला डबा कधी टाकलात?"

"चार महिने झाले."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि तुमचं कशामुळे आहे तेही ठाऊक नाही. पण आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

त्यानं बायकोला फोन लावला. सांगताना जीभ अडखळत होती. पलीकडे ती रडायलाच लागली. "सकाळी तोंड सुजतंय, डॉक्टरला दाखवा म्हणून किती मागे लागले हो! काय म्हणायचात? 'मी माझी तपासणी स्वतः करतो, मला काय धाड भरलीय!'"

तपासणी तर मामानं खरंच केली होती, चारदा. आणि चारही वेळा निकाल स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकला होता.