गिळलेला ठोका

हौशीरामची हलगी शंभरात ओळखू यायची. आंबेगाव तालुक्यात तेव्हा हलग्या काही कमी नव्हत्या. लग्न असो, मयत असो, पालखी असो, मांगवाड्यातली हलगी वाजल्याशिवाय गावाचं पान हलायचं नाही, आणि वाजवणाऱ्याला ओसरीवर कुणी चढू द्यायचं नाही. पण हौशीरामच्या हातात एक खोड होती. चार ठोक्यांचा फेरा रंगात आला की मधेच तो चौथा ठोका गिळायचा. टिपरू कातड्यापर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं. ऐकणाऱ्याचा उचललेला पाय तसाच वर राहायचा.

ही खोड बापाची. बाप गावची दवंडी द्यायचा. त्यानं शिकवलं होतं, "समदे ठोके देऊन टाकलेस तर मानूस आपल्या कामात ऱ्हातं. एक ठिवून घे. कुटं गेला म्हनून ते मान वर करतं. तवा बोलायचं."

हौशीरामला मात्र दवंडी द्यायची नव्हती. त्याला तमाशाच्या फडात उभं राहायचं होतं. दसरा झाला की फडाच्या बैलगाड्या निघायच्या, ओतूर, आळे, संगमनेर करत पार नाशिकपर्यंत जायच्या, त्या वैशाखात अक्षय तृतीयेला, आखितीला परतायच्या. गाडीतल्या हलगीवाल्याला लोक वस्ताद म्हणायचे. गावच्या हलगीवाल्याला पाटील 'अरे' म्हणायचा, तेही मर्जी बरी असेल तर. गावकामगार म्हणजे गावच्या दावणीचं जनावर. हाक आली की उभं राहायचं, उन्हात, तापात, घासावरून उठून.

आणि मग एकोणीसशे दोनच्या सुमाराला तालुक्यात गाठीचा ताप आला. घरात उंदीर पडायचा, चार दिवसांनी माणूस पडायचं. सरकारनं एकच उपाय काढला: उंदीर पडला की गाव रिकामं करा आणि माळावर खोपी घालून राहा. साहेबानं घोड्यावर बसून हुकूम वाचला, तो इंग्रजीत. कारकुनानं तो मराठी केला. पण लोकांच्या कानात घालणार कोण? पाटलांनी हौशीरामकडं बोट दाखवलं. याची हलगी वारा असला तर दोन शिवारं ओलांडते, म्हणाले. झालं. एका गावाचा हलगीवाला बारा गावांना जुंपला.

तीन वर्षं तो हेच करत फिरला. वेशीत उभं राहायचं, कातडं ताणायला गवताच्या जाळावर हलगी शेकायची, फेरा धरायचा, चौथा ठोका गिळायचा आणि त्या शांततेत ओरडायचं, "उंदीर पडलाय हो. गाव भाईर निघा." बाया चुलीवरची भाकरी तव्यात ठेवून निघायच्या. म्हाताऱ्यांना पाठकुळी घ्यायचे. माळावर थंडीत, वाऱ्यात किती मेले त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. हौशीरामची आईही तिथंच गेली. आईच्या मयतीला त्यानं हलगी घेतली नाही. तिचा आवाज ऐकून उरलेली खोपटीही उठून पळाली असती.

हुकूम साहेबाचा, शिक्का मामलेदाराचा, आणि शिव्या हौशीरामला. ताप सरला तरी लोक म्हणायचे, हा वाजवतो तिथं मरी येते. लग्नाला त्याला कुणी बोलावेना. साहेबाला कुणी असं म्हणालं नाही. साहेब घोड्यावर होता आणि हौशीराम पायी होता, एवढाच काय तो फरक.

गावात पोट चालेना म्हणून तो तिकडं वर, जुन्नर तालुक्यात कुस्त्यांच्या आखाड्यांवर वाजवायला जाऊ लागला. तिथल्या लोकांनी त्याची दवंडी ऐकलेली नव्हती. वारूळवाडीच्या आखाड्यात गेणभाऊ बसला होता. गेणभाऊ म्हणजे फडाचा मालक. पोट सुटलेला, तोंडाचा फाटका, पण कानाचा एकदम पक्का. कुस्ती सुटल्यावर त्यानं हौशीरामला बोलावलं.

"ए पावणं, मगाशी एक ठोका कुटं पाडलास?"

"पाडला न्हाई. ठिवलाय."

"कुनासाठी?"

"ऐकनाऱ्यासाठी."

गेणभाऊ हसला. "दसऱ्याला ये. एक हंगाम बघतो. न्हाई जमलं तर बैलं राखायची."

बैलं राखायची वेळ आली नाही. फडात गाणारी होती लंकाबाई. गळा चांदीचा, पण छातीत दम कमी. आधीचा हलगीवाला ठोक्यांनी तिच्या अंगावर धावून जायचा. हौशीराम मागं राहायला शिकला. गाणाऱ्याच्या पुढं जाणारा हलगीवाला म्हणजे नवरीच्या पुढं नाचणारी करवली, असं गेणभाऊ म्हणायचा. ओळ संपता संपता हौशीराम ठोका गिळायचा आणि त्या रिकाम्या जागेत लंकाबाई श्वास घ्यायची. समोरच्याला वाटायचं, बाई मुद्दाम जीव टांगणीला लावतेय.

"हौशीरामभाऊ," ती एकदा म्हणाली, "लोक माज्या गळ्याला शाबासकी देत्यात. ती निम्मी तुमच्या त्या भोकाची हाय."

दोन हंगाम असे गेले. संगमनेरला दुसऱ्या फडानं त्याला फोडायचा प्रयत्न केला. नाशकाकडं लोक 'तो ठोका खानारा आलाय का' म्हणून विचारू लागले. आपण जन्माला कशासाठी आलो ते कळलेल्या माणसाची चाल वेगळी असते. हौशीराम तसा चालू लागला. एकच गोष्ट त्यानं फडात कुणाला सांगितली नव्हती. ती बारा गावं.

तिसऱ्या हंगामात, चैत्रात, गेणभाऊनं कळंबच्या यात्रेचं ठरवलं. कळंब त्या बारांतलं.

"भाऊ, माजा हात दुखतोय," हौशीराम म्हणाला.

"हात दुखतोय का सासुरवाडी हाय तिथं? गाडीत बस."

यात्रेत आलेल्या फडानं सकाळच्या उन्हात देवळापुढं हजेरी द्यायची रीत. एक गण, एक लावणी. हजेरी गावाला पसंत पडली तर फड राहायचा, नाहीतर गाड्या जुंपायच्या. हौशीरामनं ठरवलं होतं की आज चारी ठोके पुरते द्यायचे. शाळेतल्या पाढ्यासारखे. गण तसाच काढला. गेणभाऊनं वळून पाहिलं. लावणी सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला लंकाबाईचा आवाज चिरकला. तिनं मान अर्धी वळवून ओठांतल्या ओठांत म्हटलं, "भाऊ, जागा द्या की."

हाताला तिची सवय होती. हातानं जागा दिली.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. मग एका बाईनं पोर काखेला मारलं. मागचे गडी पागोटी सावरत उभे राहिले. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. तीन वर्षं त्यांनी हेच केलं होतं, पायांना सांगावं लागत नव्हतं. लंकाबाईची ओळ संपेपर्यंत पटांगण निम्मं रिकामं झालं. गल्लीत कुणीतरी म्हैस सोडली. एक बाई धान्याचं गाडगं पोटाशी धरून उंबऱ्याबाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. आपण कुठं निघालो ते तिला आठवेना. मग तिला हलगीवाला दिसला. "त्यो हाय," ती म्हणाली. "मरीवाला."

दुपारी चिंचेखाली गाड्यांच्या आडोशाला गेणभाऊनं त्याला गाठलं.

"मला आदी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतं?"

"न्हाई."

"म्हनून."

गेणभाऊनं बैलांपुढं वैरणीची पेंढी टाकली. मग म्हणाला, "पाटलाच्या म्होरं पटका काढून उंद्याची हजेरी मागून घेतलीय. त्या हजेरीला तू गाडीत बस. बारा गावं सोडून फडाला चालत न्हाई, हौशा. हात बदल, न्हाईतर घरची वाट धर. मला वाईट वाटतंय, पन तेवढ्यानं बैलांचं पोट भरत न्हाई."

हौशीरामची बायको साळुबाई घोडनदीकाठच्या त्यांच्या गावाहून यात्रेला पायी आली होती, भाकरी बांधून. तिनं सगळं ऐकलं होतं. जवळ बसून तिनं कांदा फोडला.

"हात बदलू का?" त्यानं विचारलं.

"बदलाल. पन मग त्यो तुमचा ऱ्हाईल का?"

"मग घरी येतो."

"या. लगीन न्हाई, बारसं न्हाई, आपली दोघं बसू एकमेकाची तोंडं बघत." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "एक इचारू? गाव भाईर काढायची दवंडी तुमी दिली. परत आनायची कुनी दिली?"

हौशीरामनं हातातला घास खाली ठेवला.

ती कुणीच दिली नव्हती. ताप ओसरला तसे लोक आपले आपण परतले. कुणी खोप वाऱ्यानं पडली म्हणून, कुणी जळण संपलं म्हणून, कुणी अमावास्या टाळून, चोरासारखे आपल्याच घरात शिरले. जा म्हणून सांगायला सरकारला हलगी लागली. या म्हणून सांगायची सरकारला गरज पडली नाही. चार वर्षं झाली तरी त्या बारा गावांच्या कानात 'भाईर निघा' तसंच उघडं पडलं होतं.

"हुकमाबिगर दवंडी दिली तर पाटील चाबकानं फोडंल," तो म्हणाला.

"फोडंल," साळुबाई म्हणाली. "खावा आता."

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर आली तेव्हा तो कळंबच्या माळावर उभा होता. खोपींच्या मेढींचे खड्डे अजून बुजले नव्हते. तीन-तीन दगडांच्या चुली काळ्या पडून होत्या. त्यातल्याच एका चुलीत गवत पेटवून त्यानं हलगी शेकली. साळुबाई मागं उभी होती. त्यानं फेरा धरला, चौथा ठोका गिळला.

"ऐका हो ऐका. कळंबकर, ऐका. उंदीर पडायचा थांबला. गाठ गेली. खोपी मोडल्या. आपापली घरं उघडा, चुली पेटवा. घरी चला हो."

शेणी वेचणाऱ्या बाया थबकल्या. त्यांतली एक कालचीच म्हातारी. ती टोपली तिथंच टाकून जवळ आली. हौशीरामला वाटलं, आता ही थुंकणार.

"मी आले घरी," ती म्हणाली. "पन माजा धाकला हितंच ऱ्हायलाय. त्याला नावानं हाक मार."

"नाव?"

"सावळेराम."

हौशीरामनं फेरा धरला. ठोका गिळला. त्या रिकाम्या जागेत हाक घातली, "सावळेराम, घरी चल."

मग दुसरीनं नाव सांगितलं, सासूचं. तिसरीनं दोन सांगितली. तो गावाकडं चालू लागला, पाच पावलं चालायचं, थांबायचं, हाक घालायची. मळ्यातून माणसं बांधावर येऊन उभी राहिली, मग मागं लागली. कुणी रडत होतं, कुणी नुसतंच चालत होतं. सांगायला नाव नसलेली माणसंही चालत होती. ओढ्याशी आल्यावर त्यानं कुणाला न विचारता एक हाक घातली, "अंबाबाई, घरी चल." ती त्याची आई. कळंबात तिचं घर नव्हतं, पण तेवढं त्या दिवशी कुणी काढलं नाही.

वेशीत पाटील आडवा उभा होता. हातात काठी, मागं दोन गडी.

"कुनाच्या हुकमानं वाजिवतोस रं?"

हौशीरामनं हलगी खाली केली नाही. "जाताना तुमच्या हुकमानं वाजिवली, पाटील. येताना माज्या."

पाटलाची काठी वर झाली. "मामलेदाराला कळवीन. खडी फोडायला धाडीन तुला."

"कळवा की," म्हातारी मागून म्हणाली. "पन तुमच्या भावाचं नाव ऱ्हायलंय. त्ये आदी सांगा, मग कळवा."

काठी तशीच राहिली. पाटलाचा थोरला भाऊ पहिल्याच वर्षी माळावर गेला होता, चौसोपी घर इथं असून गवताच्या खोपीत. पाटलानं काठी खाली टेकवली. गड्यांकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"तात्याबा," तो म्हणाला.

"तात्याबा, घरी चला," हौशीराम ओरडला. पाटील बाजूला झाला.

हजेरीला त्या सकाळी उशीर झाला.  वेशीतल्या हाका ऐकलेल्या गेणभाऊनं हौशीरामला लंकाबाईच्या मागची त्याची जागा दाखवली. दुसऱ्या कडव्याला ठोका गिळला गेला. पटांगणातली चार-दोन माणसं कमरेतून उचलली गेली, आणि पुन्हा बसली. एवढंच झालं. लंकाबाईनं पुरता श्वास घेतला आणि ओळ वर नेली.

लावणी संपल्यावर गेणभाऊ त्याच्या कानाशी आला.

"आजून अकरा हायती न्हवं?"

"हायती."

"मग हलगी शेकून ठिव."

पुढं अठरा हंगाम हौशीराम त्या फडात उभा राहिला. अकराही गावं त्यानं भरली. आधी माळावरून नावानं हाका घालत माणसं गावात आणायची, मग लावणीला उभं राहायचं. दोन गावांत मार खाल्ला, एका पाटलानं हलगी फोडली, ती त्यानं नव्या कातड्यानं मढवली. गावकीचं काम सुटलं ते सुटलंच. पुढं एकदा त्याच्या गावच्या पाटलानं सरकारी दवंडीसाठी सांगावा धाडला, तेव्हा साळुबाईनं दारातूनच उत्तर दिलं.

"वस्ताद नाशकाला गेल्यात. परत बोलवायची दवंडी देनार असाल तर सांगा, निरोप धाडते."