नवऱ्याच्या नावाचा रिकामा रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — पण थांबा, आधी माझं ते कॉम्प्युटरवरचं फंक्शन काय होतं ते सांगतो. बघा, अजूनही टाळतोच आहे.

अकोल्यात फुलं-भाजी पिकवणाऱ्या बायांचा एक संघ होता. नव्या बाजारातले ओटे प्रत्येकीचा सर्वांत चांगला हंगाम बघून द्यायचे होते. बेरीज-सरासरीची फंक्शन्स डेटाबेसमध्ये आयती मिळतात. मला अख्खी ओळ हवी होती — बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, माल, प्रत. म्हणून मी स्वतःचं फंक्शन लिहिलं. एकेका बाईच्या सगळ्या हंगामांच्या ओळी बघायच्या आणि उत्तम तेवढी हातात ठेवायची, ढिगातून वांगं निवडावं तशी. काय मिजास होती मला त्याची!

यादी आली तेव्हा सात बाया गायब. सातही जणी नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या. त्याचं नाव लिहू नका, असं त्यांनीच सांगितलेलं. म्हणून एन्ट्री करणाऱ्या वनिताताईंनी तो रकाना मोकळा सोडला होता. आणि माझी अट होती — भरलेली ओळच घ्यायची. एक रकाना रिकामा असला तरी डेटाबेस ती ओळ भरलेली धरत नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. तपासलं नाही, एवढंच.

ओटे वाटपाच्या बैठकीच्या दिवशी सकाळीच चूक मला सापडली होती. तरी संघाच्या सचिवांनी सात नावं का नाहीत असं विचारलं, तेव्हा मी म्हणालो — एन्ट्री राहिली असेल.

वनिताताई उभ्या राहिल्या. "म्या तं सगळ्या ओळी भरल्या होत्या, सर. एकडाव पाहून घ्या ना."

मी मान खाली घालून लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिलो. कशाची भीती होती? दोन मिनिटांत दुरुस्त होणारी चूक! दुसऱ्या दिवशी एक ओळ बदलली, सातही नावं आली. बायांनी मला स्वतःच्या शेतातल्या झेंडूचा हार घातला. वनिताताईंना मात्र पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं.

परवा बडनेरा स्टेशनवर त्या भेटल्या. सोबत लेक होती. माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाल्या, "हेच ते सर. यायनंच त्या बाया शोधून काढल्या. माह्याच हातून सुटल्या असतीन."

गाडी यायला अजून वेळ होता. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."